भीती कुणाला शिकवायची?

चेन्नईत रिची स्ट्रीटवर मोबाईलचा डिस्प्ले बदलायला आलेली कॉलेजची मुलगी दुकानासमोरून हलत नाही. तासाभराने या म्हटलं तरी काउंटरला टेकून उभी राहते. दुकानदाराने पॅटर्न विचारला तर सांगत नाही. फोन हातात घेते आणि स्वतः उघडून देते. सोबत मैत्रीण असते, क्वचित भाऊ. भाऊ असला की तो शेजारच्या दुकानातले इयरफोन बघत बसतो. हिची नजर कारागिराच्या अंगठ्यावरून ढळत नाही. काच बसवून झाली आणि टच चालतो का बघायला त्याने गॅलरी उघडली, की हिचा हात पुढे येतो. "अण्णा, इकडे द्या, मी बघते."

त्या हाताला तंत्रज्ञानाची भीती म्हणू नये. तिला फोन चांगला कळतो. माणसं तर त्याहून कळतात.

यंत्राला भिणारी पिढी आता पेन्शन खाते. बँकांत संगणक आले तेव्हा त्यांच्यावर मोर्चे निघाले; एटीएममध्ये कार्ड अडकेल म्हणून लोक पासबुक घेऊन खिडकीशी रांग लावत. ते भय प्रामाणिक होतं आणि सवयीने गेलं. आताच्या भयाचं उलटं आहे. फोन जितका अंगवळणी पडतो तितकं ते वाढतं.

शंकरच्या '2.0' सिनेमात (2018) चेन्नईकरांच्या हातातले फोन सुटून आकाशात उडून जातात. टॉवरच्या लहरींनी पक्षी मरतात, अशी त्यातल्या खलनायकाची तक्रार. नायक रजनीकांत, म्हणजे मुळातला शिवाजीराव गायकवाड, तेव्हा आपलाही थोडा हक्क. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेला सिनेमा इतका झोंबला की तिने प्रदर्शनाआधी सेन्सॉर बोर्डाकडे तक्रार नेली. खरोखर कुणाचा फोन उडाला तर त्याच्या मनात पक्षी येणार नाहीत. 'लॉक होता ना?' एवढंच येईल.

चार वर्षांनी, 2022मध्ये, याच शहराने त्याहून भयंकर सिनेमा काढला, आणि तो विनोदी होता. 'लव्ह टुडे'. मुलीचा बाप लग्नाला होकार देण्याआधी एकच अट घालतो: दोघांनी एक दिवस एकमेकांचे फोन वापरायचे. ना भूत, ना सुरा. तरी कॉलेजची पोरं खुर्चीचे हात घट्ट धरून हसली. हिंदीतही तो 'लवयापा' नावाने आला. प्रेमाची परीक्षा पूर्वी वनवासाने होई. आता अनलॉक केलेल्या चोवीस तासांनी भागते.

लपवण्यासारखं काहीच नसलेला माणूस फक्त भाषणात भेटतो.

चेन्नईतल्या गिंडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1794 साली सर्वेक्षण शाळा म्हणून सुरू झालं. देशातल्या तंत्रशिक्षणाच्या सर्वांत जुन्या जागांपैकी ही एक. ते ज्या अण्णा विद्यापीठाचा भाग आहे, त्या विद्यापीठाने 2005मध्ये आपल्या अखत्यारीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जीन्स, टी-शर्ट आणि मोबाईल यांना एकदमच मज्जाव केला. दळणवळणाचं शास्त्र वर्गात शिकवायचं आणि त्याचं यंत्र फाटकावर अडवायचं. यावर तेव्हा लोक हसले. मला त्या आदेशातला शेजार जास्त बोलका वाटतो. कपडे आणि फोन एकाच दमात आले, कारण दोन्हीमागे धाक एकच: पोरगी कुणाच्या तरी नजरेत येईल. नजर कुणाची, हे आदेशात लिहायचं राहून गेलं.

बंदी टिकली नाही. राहून गेलेलं मात्र राहूनच गेलं.

फाटक आणि फोन, दोन्ही बंद व्हायची वेळ मुलींच्या वसतिगृहात आधी येते.

मुलगे भीत नाहीत असं नाही. ते उशिरा भितात. चेन्नईत 'बस डे' नावाचा एक प्रकार आहे. रोजच्या सिटी बसला हार घालायचा, टपावर चढायचं आणि नाचत-ओरडत कॉलेजला जायचं. न्यायालयाने मनाई केली तरी थांबला नाही. जून 2019मध्ये उन्हाळी सुट्टीनंतर कॉलेजं उघडली त्या दिवशी अशाच एका बसला ब्रेक लागला आणि टपावरची पोरं पुढच्या रस्त्यावर ढिगाने सांडली. व्हिडिओ देशभर फिरला. पोलिसांनी धरपकड केली, आईबापांनी हात जोडले, प्रकरण मिटलं. त्यातला एखादा आज कुठल्याशा कंपनीत नोकरीला असेल आणि पार्टीत तो व्हिडिओ स्वतःच दाखवत असेल.

मुलाच्या व्हिडिओवर लोक हसतात आणि विसरतात. मुलीच्या व्हिडिओवर लोक हळहळतात आणि सेव्ह करून ठेवतात.

पोल्लाची हे कोईमतूर जिल्ह्यातलं नारळबागांचं गाव. फेब्रुवारी 2019मध्ये तिथल्या एका कॉलेज विद्यार्थिनीने पोलिसांत तक्रार दिली. मुलींशी ओळख वाढवायची, त्यांना एकांतात न्यायचं, अत्याचार करायचा, त्याचं चित्रीकरण करायचं आणि मग त्या चित्रीकरणाच्या जोरावर पुन्हा बोलवायचं, असा एका टोळीचा धंदा चालला होता. तो चालला, कारण तो मुलींच्या भीतीवर चालत होता. घरी कळलं तर कॉलेज बंद होईल, या भीतीवर. म्हणजे टोळीच्या हातात फोन होता, पण त्यातली गोळी आपल्या घरांनी भरून दिली होती.

तक्रार देणारी एकटी पुढे आली आणि मग काय झालं? जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्याने पत्रकारांसमोर तिचं नाव घेतलं. तपास सीबीआयकडे देण्याच्या सरकारी आदेशातही ते छापलं गेलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तिला 25 लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं.

निकाल 13 मे 2025ला लागला. नऊच्या नऊ आरोपींना मरेपर्यंत जन्मठेप. इतक्या वर्षांत एकही पीडिता साक्षीतून फिरली नाही. आणि धाक घालायला जे चित्रीकरण केलं होतं, तेच पुरावा म्हणून न्यायालयात उभं राहिलं. फोन दोन्ही बाजूंनी बोलतो. आधी कुणाच्या बाजूने बोलेल, ते त्याच्याभोवतीच्या माणसांवर असतं.

तो निकाल लागायच्या पाच महिने आधी गिंडीत, अण्णा विद्यापीठाच्या आवारात, 23 डिसेंबर 2024च्या रात्री एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. ती मित्राबरोबर बसली होती. बाहेरचा एक माणूस आला, त्याने मित्राला हाकललं आणि तिला व्हिडिओची धमकी दिली. अत्याचारादरम्यान तो फोनवर कुणाला तरी 'सर' म्हणून बोलला, असं पुढे आलं. हा 'सर' कोण, यावर तामिळनाडूचं राजकारण काही महिने पेटलं. पोस्टर लागली, विधानसभेत गोंधळ झाला. तपासात निघालं ते असं की त्या वेळी त्याचा फोन फ्लाइट मोडवर होता. पलीकडे कुणीच नव्हतं.

हे वाचल्यापासून मला तो बंद फोन कानाला लावलेला माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही. नेटवर्क लागत नाही, आवाज जात नाही, आणि तरी यंत्र आपलं काम चोख करतं. समोरच्या मुलीला वाटावं की आणखी कुणीतरी ऐकतंय, आणखी कुणीतरी येऊ शकतं. दहशतीला रेंज लागत नाही.

तिने पाहिलेला व्हिडिओ किंवा ऐकलेला 'सर' यांपेक्षा मोठा घाव त्यानंतर बसला. तिची फिर्याद, म्हणजे एफआयआर, नावगावासकट पोलिसांच्या संकेतस्थळावरून बाहेर पडली आणि लोकांच्या फोनवर फिरू लागली. राष्ट्रीय माहिती केंद्राने खुलासा केला: जुन्या भारतीय दंड संहितेवरून नव्या भारतीय न्याय संहितेवर माहिती हलवताना तांत्रिक अडचण आली. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं जुन्या संहितेत कलम 228अ खाली गुन्हा होता, नव्यात तो कलम 72 खाली आहे. दोन्हीकडे शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. ज्या कायद्याने तिचं नाव झाकायचं, त्याच कायद्याचे नंबर बदलताना ते उघडं पडलं.

उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, 28 डिसेंबरला तपासासाठी तीन महिला आयपीएस अधिकाऱ्यांचं पथक नेमलं, फिर्यादीच्या भाषेवर ताशेरे ओढले, कारण त्या भाषेत दोष तिच्याकडेच सरकत होता, आणि सरकारला अंतरिम भरपाई द्यायला सांगितली. किती? 25 लाख.

मदुराई 2019, चेन्नई 2024. चूक तीच, आकडाही तोच. मधल्या पाच वर्षांत महागाईसुद्धा धरलेली दिसत नाही.

चेन्नईच्या महिला न्यायालयाने 2 जून 2025ला आरोपीला जन्मठेप दिली, किमान 30 वर्षं सुटका नाही. गुन्हा ते शिक्षा, सहा महिन्यांच्या आत. आपल्याकडे हा वेग जवळजवळ अफवेसारखा वाटतो, म्हणून मुद्दाम लिहून ठेवला. ही शिक्षा मिळाली, कारण ती मुलगी दुसऱ्याच दिवशी पोलिसांत गेली. तिने भ्यायला हवं होतं असं सगळ्या जगाचं गणित होतं. तिने ते मानलं नाही.

असं काही घडलं की कॉलेजात सायबर जागृतीची व्याख्यानं सुरू होतात. पासवर्ड बदला. अनोळखी रिक्वेस्ट घेऊ नका. डीपी लावू नका. फोटो पाठवू नका. रात्री फिरू नका. सगळी क्रियापदं मुलींना लावलेली. 'फोटो मागू नका, साठवू नका, पुढे पाठवू नका' या विषयावरचं व्याख्यान, सक्तीच्या हजेरीचं, मुलग्यांसाठी झालेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.

भीती हा आपल्याकडचा एकमेव विषय आहे, जो फक्त पीडित पक्षाला शिकवला जातो.

संस्थाही भितात. त्यांची भीती निराळी. तिरुवान्मियूरच्या 'कलाक्षेत्र' या नृत्यसंस्थेत, जी रुक्मिणीदेवींनी 1936 साली उभी केली, शिक्षकांकडून छळ होतो ही कुजबुज आधी सोशल मीडियावर फुटली. संस्थेने तिला अफवा म्हटलं. मग 30 मार्च 2023ला भरतनाट्यमच्या बोलांची सवय असलेल्या आवारात मुलामुलींच्या घोषणा उठल्या, आणि काही दिवसांत एका शिक्षकाला अटक झाली. संस्थेचं नाव खराब होतंय, असं अशा वेळी सांगितलं जातं. नाव पोस्टमुळे खराब होतं की पोस्टमधल्या गोष्टीमुळे, हे विचारलं की बैठक संपते.

मात्र या शहराने फोनचा दुसरा चेहराही पाहिलाय, आणि तो विसरणं अन्यायाचं होईल. 2015च्या डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत अड्यार नदी घरांत शिरली तेव्हा कॉलेजची मुलं ट्विटरवर कुणाला होडी हवी, कुणाला इन्सुलिन, कुठल्या मजल्यावर म्हातारी अडकलीय, याच्या याद्या करत बसली होती. स्वतःच्या फोनची बॅटरी वाचवून परक्याचा पत्ता पुढे पाठवत होती. 2017च्या जानेवारीत जल्लिकट्टूवरची बंदी उठवा म्हणत मरीना किनाऱ्यावर जमली तेव्हा रात्री दिवे मालवले गेले. हजारो मोबाईलचे टॉर्च लागले. त्या मागणीशी आपण सहमत असू किंवा नसू. त्या वाळूवर त्या रात्री कुणाला फोनची भीती वाटत नव्हती.

गर्दीत फोन निर्भय असतो. भीती वाटते ती खोलीत, दार लावल्यावर.

फोनवरून पसरणाऱ्या भीतीत मगरींचं सांगायचं राहिलं. 2015च्या त्याच पुरात 'क्रोकोडाइल बँकेतून', म्हणजे शहराबाहेरच्या मगरींच्या उद्यानातून, 'मगरी सुटल्या' असा निरोप फिरला. खोटा होता, बँकेने तसं जाहीर केलं. 2023च्या डिसेंबरात मिचाँग वादळात पेरुंगलत्तूरच्या रस्त्यावरून मगर चालत गेल्याचा व्हिडिओ आला. लोक शहाणे झाले होते, म्हणाले, खोटा आहे. तो खरा निघाला. वनखात्यानेच तसं सांगितलं.

या दोन मगरींच्या मधे 2018 येतं. त्या वर्षी मुलं पळवणाऱ्यांच्या टोळीची अफवा व्हॉट्सॲपवरून तामिळनाडूत फिरली आणि मंदिराला निघालेल्या चेन्नईच्या एका वयस्क बाईचा तिरुवन्नामलै जिल्ह्यात जमावाने जीव घेतला. तिने वाटेत मुलांना चॉकलेट दिलं होतं. दोन महिन्यांनी, 1 जुलैला, त्याच अफवेने आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मारली. भाषा बदलली, निरोप तोच राहिला. व्हॉट्सॲपने मग एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असा नियम आणला. पाच मेल्यानंतर पाच. हा योगायोगच, पण तो मला आवडत नाही.

यंत्राने माणसाला संशयित ठरवण्याचा अनुभव या मुलांनी वयाच्या विशीत घेतलाय. महासाथीत अण्णा विद्यापीठाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या. कॅमेऱ्यासमोर बसायचं, पहारा सॉफ्टवेअरचा. एका खोलीच्या घरात मागून आई गेली, शेजारी टीव्ही लागला, विचार करताना नजर छताकडे वळली, की शंका. 2021मध्ये कित्येकांचे निकाल अडकले, एवढा गदारोळ झाला की नव्या सरकारला फेरपरीक्षा घ्यावी लागली. आठवताना छताकडे बघणं ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ती एका सत्रापुरती कॉपी ठरली.

आणि आता एआय. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती आहेत. त्यांच्याकडे बघत बसने कॉलेजला जाणारी मुलं 2025च्या जुलैत टीसीएसने बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं ते वाचून गप्प झाली. घरी त्यांना सांगितलं जातं, रील बघणं कमी कर. आईबाप रीलला भितात, मुलं नोकरीला. एकाच फोनकडे बघून दोन पिढ्या दोन वेगळ्या गोष्टींना घाबरतात आणि जेवताना दोघेही फोन उलटा ठेवतात.

मराठी मुलंही इथे पुष्कळ. आयआयटी मद्रास, सिरुसेरीची गणित संस्था, कट्टनकुलत्तूर, तरमणी. पुण्या-नाशकाहून, सोलापूर-लातूरहून आलेली. भाषा येत नाही म्हणून पहिलं वर्ष फोनवरच निघतं: भाषांतर फोनवर, जेवण फोनवर, आई फोनवर. अशा मुलीला दूरच्या मुलखात फोन वापरू नको म्हणणं म्हणजे तिला खोलीत कोंडणंच. रोज रात्री आई विचारते, "जेवलीस का? एकटी फिरू नकोस. फोटो टाकू नकोस." काळजी खरी असते. पण तिचं वाक्य 'नकोस'वर संपतं, म्हणून काही बिनसलं तर पोरगी आईला सांगायच्या आधी दहा वेळा विचार करते. तेवढ्या वेळात धमकी देणाऱ्याचं काम होतं.

म्हणून दोन विनंत्या.

पहिली आईबापांना. तुमची मुलगी किंवा मुलगा कधी रात्री फोन करून म्हणाला, "एक फोटो फिरतोय", तर 'तू काढूच कसा दिलास' हा प्रश्न गिळा. 'मी येते' म्हणा. तो फोटो, ते मेसेज, तो नंबर पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्त्रियांविषयीची अशी तक्रार स्वतःचं नाव न देताही करता येते. पैशांची फसवणूक असेल तर 1930 हा नंबर आहे. कुणाचे नग्न किंवा मॉर्फ केलेले फोटो असतील तर त्या व्यक्तीच्या तक्रारीनंतर ठरावीक तासांत ते हटवण्याचं बंधन 2021च्या नियमांनीच कंपन्यांवर घातलेलं आहे. ही माहिती मुलीला वसतिगृहात सोडायला जाताना द्या, नंतर नको.

दुसरी विनंती तुम्हाला, म्हणजे आत्ता हे वाचणाऱ्याला. पुढच्या वेळी तुमच्या ग्रुपवर कुण्या मुलीची क्लिप, फिर्याद, नाव किंवा 'हीच ती' असा फोटो आला, तर तो उघडू नका, पुढे पाठवू नका, आणि ज्याने टाकला त्याला सगळ्यांसमोर विचारा की का टाकलास. तो तुमचा मित्र असला तरी. मेव्हणा असला तरी.